मावंद्याची गंगा

काशीहून येताना लंकाबाई उफाडे दोन गंगा घेऊन आल्या. एक सगळ्यांची आणि एक स्वतःची.

सगळ्यांची गंगा प्लास्टिकच्या पांढऱ्या कॅनमध्ये होती. यात्रा करून आलं की मावंदं घालायचं, गाव जेवू घालायचं आणि प्रत्येकाच्या हातावर पळीभर तीर्थ द्यायचं, म्हणून लंकाबाईंनी घाटावर नवऱ्याला, कारभाऱ्यांना, गुडघाभर पाण्यात उभं करून ती भरून घेतली होती. स्वतःची गंगा तांब्याच्या गडूत होती. मुठीत मावेल एवढा गडू, तोंड झाळून बंद केलेलं. तो फोडायचा एकदाच, आणि तेव्हा लंकाबाई बघायला नसणार. त्यांची आई सटाण्याला वारली तेव्हा घरात गंगा नव्हती. शेजारी धावले, कुणाकडेच सापडली नाही, शेवटी माठातलं टँकरचं पाणी आईच्या ओठांना लावलं. लंकाबाईंना त्याचं दुःख अजून होतं. "माझ्या येळेला कुणी धावाधाव करायची नाय," असं म्हणत त्यांनी गडू काशीपासून घरापर्यंत मांडीवर धरून आणला. कॅन मात्र नवऱ्याच्या भरवशावर सीटखाली ठेवला.

मावंद्याच्या सकाळी अंगणात मांडव पडला होता, आचाऱ्याने बुंदीचा झारा हातात घेतला होता, आणि लंकाबाईंनी चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्याला खेटून दोन बाटल्या उभ्या होत्या.

"पूजा!"

धाकटी सून पोळपाट टाकून आली. पूजा नाशिक शहरातली, सिडकोत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा लंकाबाईंना वाटलं होतं, पोरगी वर्षभरात नवऱ्याला घेऊन पुन्हा शहरात जाईल. ती गेली नाही, उलट तिने खडकी नदीच धरून ठेवली.

"ह्या बाटल्या अजून हितंच? मावंद्याच्या दिवशी माझं दूध नदीला चिकटून बसलंय."

"आज जाणार आहेत आत्याबाई. जेवणं झाली की सलीमभाई नाशिकला प्रयोगशाळेत पोचवतील. तोवर थंड ठेवायला लागतात."

"आन् ह्या बाटलीला पूजेचा नाडा कशापायी गुंडाळला?"

"लाल म्हणजे धोका. नदीवरच्या फरशीपुलाच्या खालचं पाणी आहे ते. वरच्या पाण्याच्या बाटलीला हिरवा दोरा बांधलाय, बघा ना."

"धोका म्हणं! नाड्यानं कुणी धोका बांधतं व्हय?" लंकाबाईंनी दूध काढलं आणि फ्रिज जरा जोरातच लावला.

खडकी ही काही मोठी नदी नाही. डोंगरातून निघते, पाच गावांच्या बागांना वळसा घालते आणि कादवा नदीला मिळते. पण पूजाने पाची गावांतल्या बाया जमवून खडकीकाठ मंडळ काढलं होतं. दर महिन्याला ठरलेल्या जागी बाटली भरायची, त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा आणि निकाल देवळाच्या फळ्यावर खडूने लिहायचा. पहिल्यांदा लोक हसले. मग आपल्या गावाचं पाणी शेजारच्या गावापेक्षा घाण निघालं की लोकांना राग यायला लागला, आणि रागाने का होईना, उकिरडे नदीपासून मागे सरकले. मंडळाने श्रमदान करून मारुतीच्या देवळामागे एक सिमेंटचा ओटा बांधला, त्याला शोषखड्डा काढला. द्राक्षबागेवर औषध मारून झालं की ट्रॅक्टरमागचा ब्लोअर तिथे धुवायचा, नदीत नाही. त्या ओट्याचं उद्घाटन लंकाबाईंच्या थोरल्याने, योगेशने केलं. हार घालून घेतला, नदी ही आपली आई आहे असं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ब्लोअर नेहमीसारखा फरशीपाशी नदीत उभा करून धुतला.

दिवाळीत आणि त्यानंतर पुन्हा एकदा खालच्या बंधाऱ्यात मासे उलटे तरंगले. बंधारा सलीमने मासेमारीला घेतला होता. त्याची बायको नसीम पूजाबरोबर मंडळात होती. खालच्या चारही गावांनी मग एकच सूर लावला, आधी उफाड्यांचा ब्लोअर नदीतून काढा, मग आम्हाला सांगा. योगेशचं म्हणणं असं की पुरावा काय? म्हणून कालच्या पहाटे त्याचा ब्लोअर धुतला जात असताना नसीमने फरशीच्या खालून बाटली भरली, आणि पूजाने तिला लाल नाडा बांधला.

लंकाबाई थोरल्याच्या बाजूने होत्या. "वाहतं पाणी हाये, त्याला काय व्हतंय?" हे योगेशचं वाक्य त्यांचंच होतं, त्याने फक्त उचललं होतं.

मारुतीच्या देवळापासून गंगा वाजतगाजत घरी आली. पुढे वाजंत्री, मागे डोक्यावर गडू घेतलेल्या लंकाबाई आणि त्यांच्या मागे कॅन खांद्यावर घेतलेले कारभारी. कॅन काठोकाठ भरलेला होता. एवढ्या लांबून आणला आणि थेंब सांडला नाही, या विचाराने लंकाबाईंना नवऱ्याचं कौतुक वाटलं. असं त्यांना क्वचितच वाटायचं, म्हणून त्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. कारभाऱ्यांनी नजर चुकवली. लाजले असतील, असं समजून त्या पुढे चालल्या.

त्र्यंबकेश्वराहून आलेल्या गुरुजींनी पूजा सांगितली. मग लंकाबाई चांदीचं पंचपात्र आणि पळी घेऊन मांडवाच्या तोंडाशी बसल्या आणि पाच गावं त्यांच्यापुढे वाकली. त्यांना मनातून फार बरं वाटत होतं. पहिली आली थोरल्या सुनेची, वैष्णवीची आई. आक्काबाई बागलाणातल्या, अहिराणी बोलणाऱ्या, आणि आपल्या विहिणीच्या घरचं काही चांगलं म्हणायचं झालं तर त्यांना घसा खाकरावा लागायचा. त्यांनी हातावरचं पाणी उजेडात धरलं.

"निळं शे."

"काशीचं हाये, इहीणबाई," लंकाबाई म्हणाल्या, पण त्यांनीही पंचपात्रात डोकावून बघितलं. पाण्याला खरंच निळसर झाक होती.

"गुरुजी, घाटावर तर असं दिसलं नव्हतं."

गुरुजींना आजवर कुठल्याच प्रश्नाला उत्तर सापडलं नाही असं झालेलं नव्हतं. "काशी म्हणजे नीलकंठाचं गाव," ते डोळे मिटून म्हणाले. "हलाहल प्याला तो तिथे. त्याच्या कंठाची झाक आहे ही. सगळ्यांच्या पाण्याला नाही येत."

एवढं ऐकल्यावर रांग सरसावली. आक्काबाईंनी पळीभर पाणी पिऊन टाकलं, दुसरी मागून घेतली आणि ती दोन्ही गुडघ्यांना चोळली. "असं पानी जनममां देखं नही, माय!" घसा न खाकरता त्या म्हणाल्या, आणि लंकाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. योगेश सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणार होता, म्हणून त्याने सगळ्यांना दिसेल अशा बेताने तीन पळ्या घेतल्या आणि मोठ्याने हर हर महादेव म्हटलं. कुणी म्हणालं, वास कसा औषधी आहे. कुणी म्हणालं, हिमालयातल्या जडीबुटी उतरतात ना त्यात. सगळ्यात शेवटी लंकाबाईंनी स्वतः घेतलं. जिभेवर तांब्यासारखी तुरट चव आली. हा वास आपल्या ओळखीचा आहे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण काशीत आपल्या ओळखीचं कोण असणार, म्हणून त्यांनी तो विचार सोडला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

पहिली पंगत बसली तेव्हा वैष्णवी त्यांना शोधत आली. "आत्याबाई, कोठीत चला लवकर. पूजा आमच्या ह्यांना चोर म्हणून राह्यली."

कोठीच्या खोलीत पूजा आणि नसीम उभ्या होत्या. नसीमच्या हातात बर्फ भरलेली मासळीची पेटी होती, बाटल्या न्यायला आणलेली. पेटीत हिरव्या दोऱ्याची एकच बाटली होती.

"लाल नाड्याची गेली," पूजा म्हणाली. "आत्याबाई, सकाळी तुम्ही स्वतः पाहिलीत. घरात ती बाटली नको असलेला माणूस एकच आहे."

"नाव घेऊन बोल ना," वैष्णवी म्हणाली.

"घेते. दादा."

योगेशदादा दारातच होता. जेवणाऱ्यांना आग्रह करत फिरत असल्यामुळे त्याच्या हातात बुंदीचं ताट होतं. "मी? आईशपथ, मी त्या फ्रिजला हात नाय लावला! मी सकाळपासून हार घालून फिरून राह्यलो."

"मग बाटलीला पाय फुटले?"

"ए, मोठ्या दिराशी बोलतीस तू," योगेशने आवाज चढवला.

"वैष्णवीताई, खरं सांगा," पूजा जावेकडे वळली. "तुम्ही मला काय म्हणाला होतात? ब्लोअर धुतला त्या दिवशी फरशीवर धुणं न्यायची सोय राहत नाही, हात चुरचुरतात, असं म्हणाला होतात की नाही?"

वैष्णवीने नवऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "म्हनले व्हते," ती पुटपुटली. "पण म्हणून ह्ये चोर नाय व्हत."

योगेशने ताट ठेवून दिलं. आपल्याच बायकोच्या तोंडून हे निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. लंकाबाईंनाही वाटलं नव्हतं. त्यांनी थोरल्याला पाठीशी घालायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर कोठीला लागून असलेल्या देवघरात गेली. खंडोबाच्या टाकाला लाल नाडा गुंडाळलेला होता. सकाळी देवपूजा करताना तो तिथे नव्हता.

ह्या घरात देवाला न विचारता काही वाहणारा माणूस एकच होता.

"आवं!" लंकाबाईंनी हाक मारली. "जरा हिकडं या."

कारभारी पंगतीत दुसऱ्यांदा वरण वाढून घेत होते. बायकोच्या हाकेतला सूर ओळखून ते हात न धुताच आले.

"नाडा कुठून आणला ह्यो?"

"कोणता? त्यो व्हय. बाटलीचा." कारभाऱ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "म्हनलं, काशीचा नाडा हाये, कुढं टाकायचा. देवाला बांधला."

"आन् बाटली?"

"ती वतली ना. कॅनात."

बाहेर आचारी तळायला लाटलेल्या पुऱ्या मागत होता.

"मामंजी," पूजा हळूच म्हणाली, "कोणत्या कॅनमध्ये?"

"गंगेच्या!" कारभारी आता घाईघाईने बोलायला लागले. "भुसावळला बघतो तर सीटखाली ओल. झाकण ढिलं राह्यलेलं. चांगली बाटलीभर गंगा डब्यातनं वाहून गेली. लंके, तुला सांगायची छाती नाय झाली. सकाळी पाणी प्यायला फ्रिज उघडला तर नाडा बांधलेली बाटली! म्हनलं, आपली लंका किती शहाणी, एक बाटली सोवळ्यात येगळी काढून ठेवली. घरात नाडा काय उगाच बांधतेत? वतली आन् कॅन भरला. देवच पावला म्हनलं."

लंकाबाईंनी डोळे मिटले. जिभेवरची चव परत आली आणि आता तिची ओळख पटली. मोरचूद. बागेवर मारायचं निळं औषध. लग्न होऊन आल्यापासून हा वास नवऱ्याच्या कपड्यांना येत होता.

पण सगळ्यात आधी हललं ते दुसरंच कोणीतरी. "थू!" योगेश ओरडला आणि मोरीकडे पळाला. "तीन पळ्या घेतल्या म्या! थू! थू! आगं वैष्णवी, पाणी आण! मीठ आण! काल मोरचूद मारलं व्हतं, त्याच्यात डावणी रोगाचं औषधबी व्हतं, थू!"

"वाहतं पाणी आहे ना दादा," पूजा म्हणाली. "त्याला काय होतंय?"

मोरीतून नुसता गुळण्यांचा आवाज येत राहिला. हसू नये अशा वेळी नसीमला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाशी धरला.

"पोरी, मरतील का गं लोक?" लंकाबाईंनी विचारलं. त्या खरंच घाबरल्या होत्या.

"नाही हो आत्याबाई. पळीभरात काय, आणि तेही पाणी मिसळलेलं. माणसाला काही होत नाही." पूजाने नसीमकडे बघितलं. "मासे मात्र पळीने पीत नाहीत."

योगेश तोंड पुसत परत आला. तोवर त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली होती. तो दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघा, जे झालं ते झालं. भाहेर कुणाला कळता कामा नये. पाच गावं जेवून राह्यलीत. आईच्या मावंद्याची अब्रू हाये."

"लय खरं," कारभारी म्हणाले.

"खरंच की," वैष्णवी म्हणाली. पूजाही काही बोलली नाही. दिवाळीपासून उफाड्यांच्या घरात दोन माणसांचं कशावर एकमत झालेलं नव्हतं, ते आज चौघांचं झालं.

"आणि आमचं?" नसीम म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मावशी, सलीमला मी सांगितलं होतं, आज पुरावा जाईल. दोन वेळा मासा मेला. आमची पोरं त्याच बंधाऱ्याचं पाणी वापरतात. परवा पाची गावांची बैठक आहे. मी तिथं काय दाखवू, रिकामी बाटली?"

"म्होरल्या महिन्यात भर दुसरी," योगेश म्हणाला. म्होरल्या महिन्यात फवारण्या सरत येणार होत्या, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लंकाबाईंनाही. त्यांना पहिल्यांदाच थोरल्याची लाज वाटली, आणि ती शिकवण आपलीच, हे आठवून जास्तच वाटली.

तेवढ्यात दार ढकलून आक्काबाई आत आल्या. त्यांच्या हातात थंड पेयाची रिकामी बाटली होती.

"इहीणबाई, कॅनमां गंगा उरली शे ना? एवढी बाटली भरी द्या. मना मोठा भाऊ अंथरुणले खिळेल शे. त्याना तोंडमां घालाले पाहिजे." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घरमां गंगा नही शे."

योगेश पुढे झाला. "देतो की! भरून देतो, आत्ता!"

"हात नको लावू त्या कॅनाला," लंकाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. देवघरातला गडू घेतला आणि कुणाशी न बोलता मांडवातून चालायला लागल्या. मावंद्याचा आणखी काही विधी राहिला असेल असं समजून वाजंत्रीवाल्यांनी जेवण सोडून डफ उचलला आणि त्या मागे वाजवत निघाले. त्यांना बघून गुरुजी निघाले. गुरुजींना बघून दुसरी पंगत निघाली. कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण लंकाबाई उताराला लागल्या तसं गाव उताराला लागलं.

फरशीपाशी योगेशचा ट्रॅक्टर उभा होता. मावंद्याच्या धांदलीतही पहाटेची फवारणी झाली होती आणि गडी नाथा ब्लोअर नदीत लावून निवांत तंबाखू मळत बसला होता. नळीतून निळं पाणी खडकीत पडत होतं. वाजंत्री, बाया, गुरुजी आणि अख्खी पंगत आपल्यावर चालून येताना बघून तो तंबाखूसकट उभा राहिला.

"नाथा, बंद कर ते," लंकाबाई म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. वाजंत्री थांबायची वाट बघून त्या म्हणाल्या, "सकाळी तीर्थ घेतलं ना समद्यांनी? निळं व्हतं?"

"व्हतं!" लोक म्हणाले.

"ते शंकराचं नव्हतं. ते ह्ये." त्यांनी ब्लोअरच्या नळीकडे हात केला. "गंगा आगगाडीत सांडली. तिच्या जागी चुकून फरशीखालचं पाणी आलं. मी दिलं, मीबी प्याले. कुणी मरायचं नाय, पळीभरच व्हतं. माझ्या थोरल्याच्या ब्लोअरचं व्हतं. पुरावा मागतेत म्हणं बैठकीत. आता पुरावा बाटलीत नाय, तुमच्या पोटात हाये."

मग जे झालं त्याला बघण्यासारखं म्हणायचं. शंभरेक माणसं एका वेळी थुंकायला लागली. आक्काबाईंनी पदराने गुडघे पुसायला घेतले. काही जण नदीवर चूळ भरायला धावले आणि ओंजळ तोंडाशी नेताना कुठलं पाणी आहे ते आठवून थबकले. जे स्वतःचा ब्लोअर धुवायला लपूनछपून इथेच यायचे, ते सगळ्यात मागे सरकले. योगेश मान खाली घालून उभा होता आणि त्याची निवडणूक त्याच्या डोळ्यांसमोर वाहून चालली होती.

"म्हंजे खरी गंगा नहीच शे?" आक्काबाईंनी विचारलं. त्यांना भावाची काळजी होती आणि त्या आता रडायच्या बेतात होत्या.

"हाये. एवढीच हाये." लंकाबाईंनी गडू दाखवला. "योग्या, पक्कड आण."

योगेशने ट्रॅक्टरच्या पेटीतून पक्कड काढली. हातात घेतल्यावर त्याला कळलं आई काय सांगते आहे ते. "आई, ह्यो तुझा गडू हाये. तुझ्या..."

"मला म्हाईत हाये कशाचा हाये. फोड."

झाळ फुटली. लंकाबाईंनी आक्काबाईंच्या बाटलीत चार थेंब घातले. आक्काबाईंनी बाटली छातीशी धरली आणि ह्यावेळी घसा खाकरून सुद्धा त्यांना काही बोलता आलं नाही. उरलेली गंगा लंकाबाईंनी फरशीवर वाकून खडकीत ओतली. मूठभर तर पाणी, पडलं तसं दिसेनासं झालं.

"गुरुजी, शास्त्राला सांगा. गंगा मिसळली की नदीला काय म्हणतेत?"

गुरुजींनी एकवार लंकाबाईंकडे बघितलं, एकवार घराकडे, जिथे त्यांची बुंदी गार होत होती. "गंगाच म्हणतात," ते ठणकावून म्हणाले. "थेंबभर मिसळली तरी गंगा. आता इथे घाण धुणं म्हणजे महापाप."

"ऐकलं? आता ज्याला गंगेत ब्लोअर धुवायचा आसंल त्यानं माझ्यासमोर धुवावा."

पाच गावांतून कुणी पुढे आलं नाही. योगेश ट्रॅक्टरवर चढला. त्याने नाथालाही चढू दिलं नाही. स्वतः ब्लोअर पाण्याबाहेर काढला आणि मारुतीच्या देवळामागच्या ओट्याच्या रस्त्याला लावला. मागे सरकलेल्यांपैकी दोघेतिघे, आपल्यालाही तिकडेच काम आहे असं दाखवत, त्याच्यामागून निघाले. वाजंत्रीवाल्यांना वाटलं हीसुद्धा मिरवणूकच, त्यांनी डफ धरला.

पूजाने सासूचा हात धरायला हात पुढे केला, मग धीर न होऊन मागे घेतला. लंकाबाईंनीच तो धरला. फरशीला शेवाळ होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

नसीमने तिथेच वाकून एक नवी बाटली भरली. "मावशी, हिला हिरवा दोरा बांधू?"

"आज नको. आज नाडाच बांध. महिन्यानं पुन्ह्यांदा भर, मग बघू कोणता बांधायचा ते. आन् जेवून जा. सलीमलाबी बोलाव, नाशिक काय पळून चाललं नाय."

गाव पुन्हा पंगतीकडे वळलं. कारभारी मागे राहिले होते. रिकामा गडू त्यांनी नदीवर विसळून घेतला होता आणि तो सदऱ्याला पुशीत ते बायकोच्या बरोबरीने चढ चढत होते.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "झाकण म्या नीट लावलं नाय. आन् गेली ती तुझी गंगा."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? लंके, उद्या तुझी येळ आली तर तुझ्या तोंडात काय घालू मी?"

लंकाबाई दम खायला थांबल्या. खाली खडकी वाहत होती. निळी रेघ अजून पुरती गेलेली नव्हती.

"हीच घाला," त्या म्हणाल्या. "तवर तेवढी पिण्याजोगी करून ठेवा."